चढावरची शिट्टी आणि हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल: जनरेटर ओढणाऱ्या एका पिकअपचं प्रकरण

नवी मुंबईत घणसोलीतले एक मामा लग्नं, मंडप आणि शूटिंगला जनरेटर भाड्याने देतात. ६२.५ केव्हीएचा सायलेंट सेट दोन चाकी ट्रॉलीवर कायमचा बसवलेला आहे. ती ट्रॉली ओढायला २०१८ सालची बीएस-४ डिझेल पिकअप आहे: अडीच लिटरचं चार सिलिंडरचं कॉमन रेल इंजिन, हवा दाबून इंजिनात भरणारा टर्बो, ती हवा थंड करणारा इंटरकूलर. गाडी दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली, चालवतो त्यांचा भाचा. गणपती तोंडावर आले असताना गाडी आमच्याकडे रबाळ्याला आली, ती दुसऱ्या एका गॅरेजचा निकाल सोबत घेऊनच. रिंगा (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट बंद ठेवणाऱ्या) गेल्या, टर्बोही गेला, इंजिन उतरवावं लागेल, लाखाच्या वर खर्च, पंधरा-वीस दिवस गाडी उभी.

मामांचं म्हणणं सरळ होतं. "मिस्त्री, इंजिन खोलायचं की गणपती करून घ्यायचे, एवढंच सांगा. सीझन गेला तर खोलायलाही पैसे नाहीत."

तक्रारी अशा होत्या. ट्रॉली जोडून गाडी चालली की हजार किलोमीटरला साधारण लिटरभर ऑइल लागतं. ट्रॉलीशिवाय, फक्त केबल आणि पॅनल घेऊन फिरली, तर ऑइल मोजायच्या पट्टीवर फारसा फरक पडत नाही. घोडबंदर रोडने मीरा-भाईंदरकडे जाताना गायमुखचा चढ लागला की इंजिन शिट्टी मारतं, सोबत बारीक टकटक. आणि ट्रॅफिकमध्ये गाडी सोडताना-धरताना 'इंजिनातून ठोका येतो'. हे शेवटचं भाच्याचं वाक्य. त्याच वाक्याने आधीच्या गॅरेजला इंजिन खोलायच्या निर्णयावर नेलं होतं, असं माझं मत आहे.

अशा केसमध्ये आवाज आणि ऑइल या दोन गोष्टी आधी वेगळ्या करायच्या. दोन्ही ओढताना दिसतात म्हणून दोन्हींचं मूळ एकच असेल असं नाही. ट्रॉली जोडल्यावर इंजिनवरचा लोड वाढतो, टर्बोचा दाब वाढतो, रिंगांच्या फटीतून चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरणारा गॅस वाढतो, एक्झॉस्ट तापतो, आणि गाडीच्या मागच्या टोकाला दीड-दोन टनांचे झटके बसायला लागतात. रिकाम्या गाडीत झाकून राहिलेले चार-पाच वेगवेगळे दोष एकाच चढावर एकदम बोलायला लागतात.

पहिलं काम केलं ते काट्यावर वजन. मामांच्या हिशोबाने ट्रॉली 'दीड टन'. वजनकाट्यावर सेट, भरलेली डिझेल टाकी, केबलचे ड्रम आणि ट्रॉली मिळून एकोणीसशे किलोंच्या आसपास भरली. सेटच्या प्लेटवरचं वजन बहुतेकदा कोरड्या सेटचं असतं. डिझेल, कूलंट, ऑइल, बॅटरी, ट्रॉलीचा सांगाडा हे सगळं त्यावर चढतं. इंजिनचा निकाल लावायच्या आधी ते काय ओढतंय हे माहीत असायलाच हवं.

ऑइलच्या हिशोबात किलोमीटर फसवतात. हीच पिकअप रिकामी असताना लिटरला तेरा-चौदा किलोमीटर देते, ट्रॉलीसह सात-आठ. म्हणजे ओढताना हजार किलोमीटरला सव्वाशे-दीडशे लिटर डिझेल जळतं, जवळपास दुप्पट काम होतं. मोठ्या डिझेल इंजिनांच्या जगात ऑइलचा खप म्हणूनच जळलेल्या डिझेलच्या टक्क्यांत मोजतात. पाव टक्क्याच्या आसपास असेल तर झोप खराब करू नये, अर्ध्या टक्क्याच्या पुढे गेलं तर शोध घ्यावा. मामांची गाडी पाऊण टक्क्याला होती. तक्रार खरी होती, पण इंजिन पार संपलंय असं म्हणण्याइतकीही नव्हती.

मग विचारलं, ऑइल बघतो कधी आणि कुठे? भाचा म्हणाला, "दादा, निघायच्या आधी रोज. ट्रॉली लावली की लगेच पट्टी ओढतो, कमी दिसलं की फुल करतो." पोरगा कामाला चोख आहे. पण ट्रॉली लावलेली गाडी उभी असते कुठे, ते बघायला मी घणसोलीला गेलो. प्लॉट खाली, रस्ता वर. नवी मुंबईत रस्त्यांवर थर चढत गेले तसे कितीतरी जुने प्लॉट रस्त्याच्या खाली राहिलेत. मुरूम टाकून केलेल्या उतारावर गाडी नाक वर करून उभी, मागे हुकवर ट्रॉलीचा भार, पाटे दबलेले. या इंजिनात पट्टी चेंबरच्या पुढच्या भागात शिरते. नाक वर गेलं की ऑइल मागे सरकतं आणि पुढची पट्टी कमी दाखवते. तीन अंशांचा उतार म्हणजे मीटरला पाच सेंटिमीटर, डोळ्याला जेमतेम जाणवेल एवढा. तेवढ्यानेही चेंबरच्या मधल्या भागापासून पाव मीटर पुढे असलेल्या पट्टीवर सव्वा सेंटिमीटरचा फरक पडतो. पट्टीवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत अंतर असतं दोन-अडीच सेंटिमीटरचं. म्हणजे ऑइल पूर्ण भरलेलं असूनही पट्टी 'अर्धं' दाखवणार.

आम्ही गाडी सपाट काँक्रीटवर घेतली, गरम करून बंद केली, दहा मिनिटं थांबलो आणि चेंबर रिकामं केलं. मॅन्युअलप्रमाणे फिल्टरसह साडेसहा लिटर लागतं. निघालं सव्वासात. ऑइल पिणाऱ्या गाडीत पाऊण लिटर ऑइल जास्त होतं.

हे नुसतं मोजणीपुरतं राहत नाही. पातळी फार वर गेली की क्रँकचे वजनी भाग ऑइलला चाटतात, ते फेसाळतं, त्याचं धुकं होतं आणि ब्रीदरवाटे (चेंबरमधला गॅस बाहेर सोडणाऱ्या वाटेने) ते धुकं इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा घेतं त्या वाटेत, जातं. मग जळून जातं. पातळी खाली येते, भाचा पुन्हा फुल करतो, पुन्हा तेच. खपाचा एक भाग असा नुसत्या भरण्यातून तयार होत होता. भाच्याची काळजीच गाडीला महाग पडत होती आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

पण फक्त त्याने लिटर जात नाही. आता आवाजांकडे वळू, कारण उरलेल्या ऑइलची वाट तिथूनच सापडली.

ठोका सगळ्यात लवकर सुटला. मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, हाताने पिळून पाहिले, खेळ नाही. सेंटर बेअरिंग ठीक. मग ट्रॉली जोडून एकाला गाडी हळूच पुढे-मागे करायला लावली आणि हुकपाशी हात ठेवला. ट्रॉलीच्या डोळ्याचं (हुकात अडकणाऱ्या कडीचं) भोक लांबट झालं होतं, पिन पाच-सहा मिलिमीटर खेळत होती. क्लच सोडताना, ब्रेक दाबताना दोन टन वजन तेवढं सरकून आपटतं, तो आवाज चासीवाटे केबिनमध्ये येतो आणि ड्रायव्हरच्या पुढ्यातच इंजिन असल्यामुळे त्याला तो इंजिनचाच वाटतो. भाच्याला बाहेर उभं केलं आणि मी गाडी हलवली. त्याने स्वतःच सांगितलं, "आवाज मागून येतोय."

टकटक इंजिनचीच होती. सकाळी थंड गाडीला जोरात, गरम झाल्यावर कमी, चढावर पुन्हा वर. नोझल ठोकतोय, बेअरिंग गेलंय, टॅपेट लूज आहे, असे तीन अंदाज तीन माणसांनी दिले. इथे एक गोष्ट जोर देऊन लिहितो. जुन्या डिझेल गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा पाइप ढिला करून ठोका कुठला ते शोधायचे. कॉमन रेलवर हे करायचं नाही. पाइपात हजार ते सोळाशे बार दाबाचं डिझेल असतं. त्याची बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट सडायला लागतं. अशी इजा झाली तर दुखत नसलं तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. एकेक सिलिंडर बंद करून पाहायचं ते स्कॅनरवरून, म्हणजे गाडीच्या कंट्रोल युनिटला जोडायच्या यंत्रावरून. आम्ही तसंच केलं. कुठलाही सिलिंडर बंद केला तरी टकटक पूर्ण थांबेना, फक्त चौथ्याला थोडी मऊ झाली. बेअरिंगचा ठोका असता तर त्या सिलिंडरचा लोड काढल्यावर तो ठळकपणे बदलला असता.

मग रबरी नळी कानाला लावून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांमधला जळका गॅस गोळा करणाऱ्या नळकांड्याच्या, कडेने फिरलो. चौथ्या सिलिंडरपाशी नळीतून गरम फुंकर आणि टकटक दोन्ही मिळालं. उष्णतारोधक पत्रा काढला तर पॅकिंगच्या कडेला काजळीचा पंख्यासारखा पसरलेला डाग, आणि मॅनिफोल्ड आवळून धरणारा शेवटचा स्टड आतच तुटलेला. थंड असताना फट उघडी, धातू तापून फुगला की बंद, चढावर एक्झॉस्टचा दाब वाढला की पुन्हा उघडी. हे तुटणं लोड ओढणाऱ्या गाड्यांमध्ये नेहमीचं आहे. चढावर मॅनिफोल्ड लालबुंद तापतो, मग पावसातलं पाणी उडतं किंवा उतारावर एकदम थंड होतो, आणि शेवटचा स्टड सगळ्यात जास्त ओढला जातो. तिथून गळणारा गॅस टर्बोच्या वाट्याचाही असतो, म्हणून चढावर ताकदही थोडी कमी मिळते.

शिट्टीसाठी गायमुखला गाडी लोडसकट न्यावी लागली. रिकाम्या गाडीत टर्बोचा दाब इतका वाढतच नाही. पहाटे ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत स्कॅनर लावून गेलो. कंट्रोल युनिट जेवढा बूस्ट मागत होतं त्यापेक्षा चढावर मिळणारा दाब तीस-चाळीस किलोपास्कलने कमी, आणि मागे काळा धूर. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. ऑइल जळताना धूर निळसर असतो, रिंगा गेलेल्या गाडीत तो चढावर सतत दिसतो. इथे निळा झोत फक्त एकदाच दिसला: जाममध्ये बराच वेळ उभं राहून अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर, एक फुर्र, आणि संपलं. ऑइल कुठेतरी साचतं आणि एकदम ओढलं जातं, हे त्यातून कळलं.

गॅरेजला परत येऊन इनटेकच्या लाइनला दोन्हीकडून बूच लावले, कंप्रेसरने एक बारच्या आत दाब दिला आणि साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरच्या वरच्या कोपऱ्यातल्या रबरी होजला क्लिपच्या आत चीर होती, बुडबुड्यांची रांगच उठली. बाहेरून तो भाग ओल्या काळ्या धुळीने माखलेला. हेच बघून आधी 'टर्बो ऑइल टाकतोय' असं ठरलं असणार. ऑइल तिथे होतं हे खरंच. ते तिथे का आलं, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून पाहिला. बाजूला किंचित खेळ, जो ऑइल फिल्मसाठी असतोच. पुढे-मागे खेळ जवळपास नाही. पंख्याची पाती घराला कुठे घासलेली नाहीत. टर्बो चांगला होता. मग ऑइल येतंय कसं? टर्बोच्या बेअरिंगला ऑइल दाबाने मिळतं, पण परत चेंबरमध्ये ते फक्त वजनाने उतरतं. नहाणीचं खालचं तोंड तुंबलं तर पाणी वर साचतं, तसंच इथे होतं: चेंबरमध्ये दाब वाढला किंवा पातळी चढली की टर्बोचं ऑइल खाली उतरत नाही, सीलपाशी साचतं आणि हवेच्या बाजूला किंवा एक्झॉस्टच्या बाजूला निघून जातं. टर्बोचं सील पाणी अडवणाऱ्या रबरासारखं नसतंच. पिस्टनच्या रिंगसारखी बारीक रिंग असते ती, आणि दोन्ही बाजूंचे दाब ठीक असतील तोवरच तिचं काम चालतं. किती चांगले टर्बो यामुळे फेकले जातात आणि नवा टर्बो महिन्याभरात पुन्हा ऑइल टाकायला लागतो! मला या एका गोष्टीची मनापासून चीड आहे, कारण पैसे गाडीमालकाचे जातात आणि दोष तसाच राहतो.

तेव्हा चेंबरमधला दाब मोजायचा. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात पाणी भरायचं, एक टोक पट्टीच्या नळीला घट्ट बसवायचं. नीट श्वास घेणाऱ्या इंजिनात पाणी जेमतेम हलतं. इथे उभ्या गाडीत दोन-तीन बोटं, आणि लोडवर चढताना वीतभर. आता दोनच शक्यता उरतात. एकतर रिंगांमधून गॅस फार येतोय, नाहीतर येणाऱ्या गॅसला बाहेर जायची वाट नाही. वेगळं करायची सोपी रीत: ब्रीदरचा सेपरेटर (गॅसमधलं ऑइल वेगळं करणारा डबा) आणि होज काढून तात्पुरता मोकळा पाइप बाटलीत सोडला आणि पुन्हा तोच चढ. पाणी जागेवरच राहिलं. वाट बंद होती.

सेपरेटर उघडला तर आत करड्या-पिवळ्या लोण्यासारखा थर, होजचं तोंड अर्ध्याहून जास्त भरलेलं. पावसाळी दमट हवा, घणसोली ते वाशी, वाशी ते नेरूळ अशा छोट्या फेऱ्या, मग मांडवापाशी तासन्‌तास उभी गाडी. इंजिन पूर्ण तापतच नाही, वाफ ऑइलमध्ये मिसळते आणि ब्रीदरमध्ये जाऊन बसते. वर एअर फिल्टर मंडपाच्या धुळीने चोंदलेला. तो चोंदला की टर्बोच्या हवेच्या बाजूला ओढ वाढते आणि ऑइलला बाहेर यायला अजून एक कारण मिळतं.

रिंगांचा संशय मात्र तसाच सोडायचा नव्हता. ग्लो प्लगच्या भोकांतून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब बनतो ते, मोजलं. तीन सिलिंडर सत्तावीस-अठ्ठावीस बार, चौथा पंचवीस. फरक दहा टक्क्यांच्या आसपास. गाडीच्या वयाला हे ठीक आहे, चौथ्यावर लक्ष ठेवायचं. कूलंटमध्ये ऑइल नाही, मागच्या सीलपाशी ओल आहे पण थेंब पडत नाही, व्हॅक्यूम पंप कोरडा. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी थ्रॉटलची मोठी ओढ नसते, त्यामुळे व्हॉल्व्ह सीलमधून उतारावर ऑइल खेचलं जाण्याचं प्रमाण कमी असतं. तो संशय म्हणूनच मी यादीत खाली ठेवला होता.

कामं केली ती अशी. नवा ब्रीदर सेपरेटर आणि त्याचे होज, एअर फिल्टर, इंटरकूलरचा होज आणि क्लिपा, तुटलेला स्टड काढून सगळे स्टड आणि पॅकिंग नवीन, टर्बोच्या ऑइल रिटर्न पाइपची सफाई, ट्रॉलीच्या डोळ्याला बुश आणि नवी पिन. ऑइल १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस दर्जाचं, मोजून साडेसहा लिटर, सीलबंद डब्यातलं. ड्रममधलं सुटं ऑइल मी मामांना बंद करायला लावलं. बीएस-६ आणि डीपीएफवाली (एक्झॉस्टमधली काजळी पकडणारा फिल्टर असलेली) गाडी असती तर ऑइलचा दर्जाही वेगळा लागला असता. शिवाय तिथे फिल्टरमधली काजळी जाळण्याच्या वेळी डिझेल ऑइलमध्ये उतरतं, पट्टीवरची पातळी उलट वाढते आणि खप झाकला जातो. त्या गाड्यांत पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नये.

आणि इंटरकूलर. तो काढून उलटा केला तेव्हा पाव लिटरहून जास्त काळं ऑइल निघालं. हे काम बरेच जण सोडतात. ते ऑइल आतच राहिलं तर दुरुस्तीनंतरही कित्येक दिवस निळा झोत येत राहतो आणि मालकाला वाटतं की काहीच झालं नाही. त्याहून मोठा धोका म्हणजे साचलेलं ऑइल चढावर एकदम ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्याच्यावरच पळत सुटतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, आरपीएम वाढतच जातात. तशा वेळी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं. बॉनेट उघडून हात घालायला जायचं नाही. भाच्याकडून हे मी दोनदा वदवून घेतलं.

चालवण्याबद्दलही थोडं बोललो. गायमुखला तो तिसऱ्यातच रेटायचा, तेराशे-चौदाशे आरपीएमवर इंजिन कुथत. त्यात सिलिंडरमधला दाब आणि एक्झॉस्टची उष्णता सगळ्यात वाईट असते, कूलिंगचा पंखाही संथ फिरतो. वेळेवर दुसरा टाकून दोन हजाराच्या वर राहिलं की आवाज मोठा वाटतो, पण इंजिनला सोपं जातं. चढ संपल्याबरोबर चहाच्या टपरीवर गाडी बंद करायची नाही. मिनिट-दोन मिनिटं सुरू ठेवायची, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथेच जळून कोळसा होतं. आणि पट्टी आता ट्रॉली जोडायच्या आधी, सेक्टरच्या सपाट रस्त्यावर, गाडी बंद करून दहा मिनिटांनी. दोन खुणांच्या मध्ये कुठेही असली तरी भरायचं नाही. भरायची वेळ आलीच तर एका खुणा केलेल्या बाटलीतून, आणि त्याच वहीत डिझेलचे लिटर.

मामांना एक गोष्ट आवडली नाही, तरी सांगितली. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत आणि नंबर प्लेट मागून केबलने झाकलेली. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची नोंदणी आणि विमा वेगळा. जवळपास दोन टन बिनब्रेकचं वजन गायमुखच्या उतारावर पिकअपला पुढे ढकलत असतं. नोंदणी होती, विमा संपलेला होता. तो त्यांनी त्याच आठवड्यात भरला. ब्रेकचं काम गणपतीनंतर करतो म्हणाले.

एकूण खर्च मजुरीसकट पंधरा हजारांच्या आत बसला. गणपती आणि मग नवरात्र असा पूर्ण सीझन गाडी ट्रॉलीसह चालली. वहीप्रमाणे खप हजार किलोमीटरला पाव लिटरच्या आत, डिझेलच्या हिशोबाने पाव टक्क्याच्या खाली. टर्बो तोच आहे. शिट्टी आणि ठोका गेले. थंड सकाळी चौथ्या सिलिंडरपाशी बारीक टकटक अजून मिनिटभर येते, स्टडचं जुनं भोक पूर्ण सरळ करता आलं नाही. दिवाळीनंतर पुन्हा कॉम्प्रेशन घ्यायचं ठरलंय. चौथा पंचवीसच्या खाली घसरला तर इंजिन खोलायचं, आणि तेव्हा मीच ते काम सुचवेन.